कुंपण छाटायला बॅटरीवरचा हेज ट्रिमर: कोणता घ्यावा?

अबोली (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमच्या घराच्या पुढच्या बाजूला ४५ फूट सोनेरी ड्युरांटा आहे आणि पश्चिमेच्या अंगाला ७० फूट कोयनेल. दोन्हीची उंची छातीपर्यंत, साडेचार फूट धरा. ही सगळी छाटणी आमचे माळीकाका मोठ्या कात्रीने करायचे. वयामुळे ते आता गावी राहायला गेले आणि दिवाळीपासून कुंपणाला कुणाचा हात लागलेला नाही. रोजंदारीवर माणूस मिळतो, पण तो कोयता चालवतो आणि जागोजागी भगदाडं पाडून जातो. कोयनेलच्या काड्या सासूबाईंनी स्वतः रोवलेल्या आहेत, तेव्हा ते कुंपण मला नीट राखायचं आहे.

माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं आहे. कात्रीने पाच-सात फूट छाटलं की हात भरून येतो. म्हणून यंत्र घ्यायचं ठरवलं. पश्चिमेच्या बाजूला बाहेर प्लग नाही, त्यामुळे बॅटरीचंच हवं असं वाटतं.

इंटरनेटवर बघायला गेले तर डोकं गरगरलं. १८ व्होल्ट, २० व्होल्ट, २१ व्होल्ट, ४० व्होल्ट, आणि एका ठिकाणी तर ८८ व्हीएफ. पातं कुठे ४५ सेंटिमीटर, कुठे ६०. घरात यांचं बॉशचं निळं १८ व्होल्टचं ड्रिल आहे, त्याची बॅटरी चालेल का? आणि नाशिकच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या टिकतात का? बजेट दहा-बारा हजारांचं आहे, गरज असेल तर थोडं वर जाईन. पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी निर्णय झाला तर बरं.

सातपूरकर

ताई, इतक्या कामासाठी बॅटरीचा खर्च कशाला? वायरवरचं ५००-६०० वॅटचं यंत्र घ्या. निम्म्या पैशात येतं, ताकद शेवटपर्यंत सारखी मिळते आणि चार वर्षांनी बॅटरी बदलायचा प्रश्न नाही. बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा प्लग बसवून घ्या आणि ३० मीटरची जाड वायर आणा. फक्त त्या प्लगला ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पाहिजेच पाहिजे, त्यात तडजोड नको. आमच्या घरी मेंदीचं कुंपण असंच छाटतो.

रानजाई (तळेगाव दाभाडे)

अबोलीताई, मी तळेगाव आणि आजूबाजूच्या बंगल्यांच्या बागा सांभाळते. माझ्याबरोबर कामाला मावळातल्या बायका आहेत. कुंपण छाटण्याचं यंत्र आमच्या हातात रोजचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुकानात जाण्याआधी कुंपणाजवळ जा आणि पालवी बाजूला करून आतल्या फांद्या बघा. दिवाळीपासून हात लागलेला नाही म्हणजे ड्युरांटाच्या फांद्या करंगळीएवढ्या झाल्या असणार, बुंध्याकडे अंगठ्याएवढ्या. घरगुती बॅटरीच्या यंत्रांपैकी बरीचशी १५ ते २० मिलिमीटरपर्यंतची फांदी कापतात. त्यापेक्षा जाड फांदी पात्याच्या दातांत शिरतच नाही, आणि अर्धीमुर्धी शिरली तर अडकून बसते. खोक्यावर लिहिलेला आकडा सुद्धा ओल्या, कोवळ्या फांदीचा समजा. वाळलेली ड्युरांटाची फांदी फार चिवट असते.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की हे यंत्र नव्या पालवीसाठी घ्या, जुन्या लाकडासाठी नाही. पहिली छाटणी सिकेटरने (फांद्या कापायची हातातली कात्री) आणि लांब दांड्याच्या लॉपरने करून घ्या, किंवा एखादा जाणता माणूस एक दिवस लावा आणि स्वतः शेजारी उभ्या राहा. एकदा कुंपण आकारात आलं की पुढे पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी आणि हिवाळ्यात दीड-दोन महिन्यांनी यंत्र फिरवायचं. वेळेवर फिरवत राहिलात तर फांदी पेन्सिलीच्या वर जाडच होत नाही, आणि मग १८ व्होल्टचं साधं यंत्रसुद्धा तुम्हाला कधी कमी पडणार नाही. बहुतेक लोक वर्षातून एकदा छाटायचं धरून मोठं यंत्र घेतात. मग ते जड होतं म्हणून कोनाड्यात पडून राहतं आणि कुंपण आणखी वाढतं. हे मी इतक्या घरांत बघितलं आहे की तळमळीने सांगते आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. तुमच्या मनगटाचं वाचल्यावर तर हीच सगळ्यात महत्त्वाची. बॅटरीसकट अडीच किलो आणि साडेतीन किलो हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण यंत्र शरीरापासून लांब धरायचं असतं, आणि कुंपणाची बाजू छाटताना ते उभं धरून खालून वर न्यायचं असतं. तेव्हा तो एक किलो खांद्यात उतरतो. शिवाय नुसतं वजन बघून भागत नाही, ते कुठे आहे ते बघायचं. बॅटरी मागे असते, पातं पुढे. पुढच्या मुठीला धरून उचलल्यावर यंत्र आडवं स्थिर राहिलं तर तोल चांगला. तोंड खाली पडत असेल तर ते दर क्षणी मनगटाने सावरावं लागणार.

म्हणूनच ६० सेंटिमीटरचं पातं तुमच्यासाठी नको. सोसायटीच्या लांबलचक सरळ कुंपणाला, रुंद माथ्याला ते छान. एका फेरीत काम होतं. तुमच्या ११५ फुटांना ४५ ते ५० सेंटिमीटर पुरतं आणि कोपऱ्यात वळवायलाही सोपं जातं.

आता मनगटाबद्दल एक गोष्ट, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. या यंत्रांना दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात: एक मागच्या मुठीत, एक पुढच्या दांड्यावर. एक सोडलं की पातं थांबतं. हे सुरक्षेसाठी आहे आणि असंच असावं. पण काही यंत्रांचा मागचा खटका इतका कडक असतो की तो सतत दाबून धरणं दुखऱ्या मनगटाला जड जातं. दुकानात बॅटरी काढलेलं यंत्र मागा आणि दोन्ही खटके दाबून दहा मिनिटं उभ्या राहा, आडवं, उभं, डोक्याच्या पातळीला, सगळ्या तऱ्हेने. दुकानदार बघत राहिला तर राहू दे. पुढचा दांडा अर्धगोल, वरून आणि दोन्ही बाजूंनी धरता येईल असा असला तर उभी छाटणी करताना मनगट वाकवावं लागत नाही. मागची मूठ फिरवता येणारीही यंत्रं आहेत, ती मिळाली तर उत्तमच.

पात्याचे दात बघा. दातांमधलं अंतर १५ ते २० मिलिमीटर असेल तर ड्युरांटासारख्या बारीक पानांच्या झाडाला सफाई येते. २४-३० मिलिमीटरचं यंत्र जाड फांदीला चांगलं, पण बारीक पालवी त्यातून निसटते आणि कुंपण कुरतडल्यासारखं दिसतं. आणि दोन्ही पाती एकमेकांविरुद्ध सरकणारं यंत्र घ्या. स्वस्त यंत्रात एकच पातं हलतं, दुसरं स्थिर असतं. त्याने हाताला हादरे जास्त बसतात. पात्याच्या टोकाला बोथट संरक्षक असावा. तुमचं कोयनेल कंपाउंड वॉलला लागून असेल तर तो हवाच, नाहीतर टोक विटेवर आपटतं आणि दात वाकतात.

सातपूरकर, तुमचा सल्ला चुकीचा नाही. ईएलसीबीचं तर प्रत्येकाने ऐकावं. पण आम्ही वायरवरची यंत्रं वापरणं सोडलं त्याचं कारण वायरच. छाटताना लक्ष पात्याच्या टोकाकडे असतं आणि वायर मागून पालवीत शिरते. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडायची शिस्त अंगवळणी पडली तरच ते निभतं. ७० फुटांच्या बाजूला ती शिस्त आणि दुखरा हात, दोन्ही एकदम सांभाळायला मी ताईंना सांगणार नाही. पेट्रोलचं तर घरासाठी नकोच. ऑइल मिसळलेलं पेट्रोल, धूर, आवाज आणि पाच किलोच्या आसपास वजन.

ड्रिलच्या बॅटरीचं आणि त्या व्हीएफचं इथे कुणीतरी विजेतलं जाणकार सांगेलच. मी एवढंच सांगते की दुसऱ्या बॅटरीची किंमत यंत्राची किंमत विचारतानाच विचारा. 'बेअर टूल' किंवा 'सोलो' लिहिलेलं असेल तर त्यात बॅटरी नसते, चार्जरही नसतो.

फेज-न्यूट्रल

वीज मंडळातून निवृत्त झालो आहे, तेव्हा आकड्यांचं मी सांगतो.

१८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट मॅक्स' हे एकच. आत लिथियम आयनचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पाचांचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर भार नसताना सेल ४ व्होल्टच्या आसपास दाखवतो, त्याचे २०. काही जण ४.२ ने गुणून २१ छापतात. तिन्ही आकड्यांमागे तेच पाच सेल. ३६ आणि ४० व्होल्टच्या बॅटरीत तसेच दहा सेल. ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ हे आकडे व्होल्टचे नव्हेत. त्यावर विसंबून काही विकत घेऊ नका.

खरा हिशेब वॉट-तासांचा. व्होल्ट गुणिले अँपियर-तास. १८ व्होल्ट, २ अँपियर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. १८ आणि ४ चे ७२. ३६ व्होल्ट, २ अँपियर-तास, हेही ७२च. म्हणजे दुप्पट व्होल्ट आहेत म्हणून दुप्पट वेळ चालतं असं नाही. छाटताना मोटर सरासरी १०० वॉट खाते असं धरलं, तर ३६ वॉट-तासांची बॅटरी वीस मिनिटांच्या आसपास चालेल, ७२ ची चाळीस. पालवी कोवळी असेल तर जास्त, जाड फांद्या असतील तर कमी. जास्त व्होल्टचा फायदा वेगळा आहे: तेवढ्याच शक्तीला विजेचा प्रवाह कमी लागतो, तारा आणि मोटर कमी तापतात, जाड फांदीला मोटर दबत नाही. रानजाई म्हणतात तशी वेळेवर छाटणी करणार असाल तर तुम्हाला त्याची गरज नाही.

आणि बॅटरीचं वजन विसरू नका. या बॅटऱ्यांत पुष्कळदा १८६५० नावाचे सेल असतात, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, एकेक ४५ ग्रॅमच्या पुढे. पाच सेलांची छोटी बॅटरी खोळीसकट चारशे ग्रॅमच्या आत येते, दहा सेलांची सहाशेच्या पुढे जाते. तेव्हा ४ अँपियर-तासांची एक घेण्याऐवजी २ च्या दोन घ्या. एक चालू, एक चार्जिंगला. हातावरचं वजन कमी राहील आणि बॅटरी संपली की आपोआप विश्रांतीही होईल.

तुमच्या ड्रिलबद्दल. बॉशची निळी मालिका कारागिरांसाठी आणि हिरवी घरगुती. दोन्ही १८ व्होल्टच्या असल्या तरी निळी बॅटरी हिरव्या यंत्रात बसत नाही. खाचाच वेगळ्या आहेत. निळ्या मालिकेत कुंपण छाटायचं यंत्र आहे, जीएचई १८व्ही-६०, पण नावातच आहे तसं त्याचं पातं ६० सेंटिमीटरचं, म्हणजे तुमच्या मनगटाला वर्ज्य. मकिताचंही असंच. त्यांची १८ व्होल्टची एलएक्सटी बॅटरी ४० व्होल्टच्या एक्सजीटी यंत्रात चालत नाही. बाजारात मिळणारे अ‍ॅडॉप्टर लावून एका घराण्याची बॅटरी दुसऱ्यात घुसवू नका. बॅटरी किती तापली, किती उतरली हे ती यंत्राला वेगळ्या टोकांवरून कळवत असते. अ‍ॅडॉप्टरमध्ये पुष्कळदा तीच टोकं जोडलेली नसतात.

उन्हाळ्याचं. लिथियम बॅटरीला उष्णता मारते, त्यातही पूर्ण चार्ज करून उष्णतेत ठेवलेली बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते. ४५ अंशांच्या वर चार्जिंग करायचं नाही. नाशिकला मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत तापमान याच्या पुष्कळ वर जातं. बॅटरी घरात, खालच्या कपाटात ठेवा. काम झाल्यावर ती गरम असते, अर्धा तास निवू द्या आणि मग चार्जरला लावा. महिना-दोन महिने वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून ठेवा. एवढं पाळलंत तर नाशिकचा उन्हाळा तिला काही करणार नाही.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

छान माहिती मिळते आहे. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या जर्मनीत. इथे घराभोवती कुंपणाची झाडं म्हणजे जवळजवळ रिवाजच आहे आणि श्टिल व बॉश दोघांचीही मुख्य कार्यालयं आमच्या आसपास, वाइब्लिंगन आणि गेर्लिंगनला. त्यामुळे शेजारपाजारी या विषयावर बोलणं सतत चालतं.

आमच्याकडे लिगुस्टरचं कुंपण आहे, पंधरा मीटर. मी हिरव्या १८ व्होल्टच्या घराण्यातलं ५० सेंटिमीटरचं घेतलं, कारण २०२० पासून बॉशच्या हिरव्या मालिकेची आणि गार्डेनाची १८ व्होल्टची बॅटरी एकमेकांत चालते. घरात गवत कापायचं गार्डेनाचं यंत्र होतंच. अबोलीताई, तुम्ही पुढेमागे पानं उडवायचा ब्लोअर किंवा गवताचं यंत्र घेणार असाल तर त्याचाही विचार आत्ताच करा. बॅटरीचं घराणं एकदा निवडलं की पुढची दहा वर्षं आपण त्यातच राहतो.

इथे दोन नियम आहेत, ते तुम्हाला लागू नाहीत पण मला फार पटतात. १ मार्च ते ३० सप्टेंबर कुंपण मुळापासून तोडायला किंवा खोलवर छाटायला कायद्याने बंदी आहे, पक्ष्यांच्या विणीसाठी. नव्या वाढीची हलकी छाटणी चालते. ती लोक पुष्कळदा २४ जूनच्या सुमाराला करतात, तेही घरटी नाहीत हे बघून. आणि राहत्या वस्तीत रविवारी, सुटीच्या दिवशी आणि रात्री ८ ते सकाळी ७ हेज ट्रिमर चालवायचा नाही, मग तो बॅटरीचा का असेना. मी शनिवारी सकाळी दहाला सुरू करतो.

अबोली (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमचं वाचून लगेच कुंपणापाशी गेले. ड्युरांटाच्या आतल्या फांद्या खरंच अंगठ्याएवढ्या आहेत. कोयनेल त्या मानाने बरं, वरची वाढ लांबलेली पण मऊ आहे. १८ व्होल्ट, ४५ ते ५० सेंटिमीटर, २ अँपियर-तासांच्या दोन बॅटऱ्या, हिरव्या घराण्यातलं, असं जवळजवळ ठरलं. ड्रिल ड्रिलच्या जागी.

दोन शंका राहिल्या. पहिली, जाड ड्युरांटा आत्ता पावसाआधी खाली घेऊ की थांबू? दुसरी, फांद्या बघताना कोयनेलमध्ये बुलबुलाचं घरटं दिसलं, आत अंडी आहेत. आणि गेटजवळच्या ड्युरांटात एका फांदीला तळहाताएवढं मधाचं पोळं लटकतंय. आता काय करू?

रानजाई (तळेगाव दाभाडे)

बघितलंत ते फार चांगलं केलंत. यंत्र सुरू करण्याआधी काठीने पालवी हलकेच बाजूला करत कुंपणाची एक पूर्ण फेरी मारायची, ही सवय आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी लावते. पावसाळ्यात तर शिंपी, वटवट्या, मुनिया सगळ्यांचीच घरटी असल्या कुंपणात असतात. शिंप्याचं घरटं दोन पानं शिवून केलेलं असतं, ते अगदी समोर असूनही दिसत नाही.

बुलबुलाच्या घरट्याच्या दोन्ही बाजूंचं चार-चार फूट कुंपण सोडून द्या. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला पुढे जवळजवळ तितकेच. महिनाभर तेवढा भाग वाढलेला दिसेल, दिसू दे. आडोसा छाटला की कावळ्याला आणि मांजराला घरटं उघडं पडतं.

तळहाताएवढं एकच पोळं उघड्या फांदीला लटकतंय म्हणजे ते बहुतेक फुलोरी माश्यांचं. आग्या माश्यांइतक्या त्या तापट नसतात, पण यंत्राचे हादरे फांदीला बसले तर डंख मारणारच. तिथे यंत्र नेऊच नका. या माश्या जागा बदलत राहतात, पोळं रिकामं झालं की छाटा. गेटजवळ लहान मुलांची ये-जा असेल तर तेवढ्यापुरता दोरीचा अडसर लावा. धूर करून उठवू नका, तुमच्या बागेतल्या भोपळ्याला आणि दोडक्याला त्याच फळं धरून देतात.

ड्युरांटा आत्ता नको. जूनच्या सुरुवातीला ऊन अजून कडक असतं, वरची पालवी काढली की आतली सावलीतली पानं आणि साल करपते. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या, मग उघडीप मिळाली की सिकेटर-लॉपरने एकतृतीयांशापर्यंत खाली घ्या. पावसाच्या ओलीत महिनाभरात फूट येते. सगळं एकदम खाली घेऊ नका, आधी माथा आणि रस्त्याची बाजू, ती फुटली की आतली. ड्युरांटाला काटे असतात, कातडी हातमोजे घाला. छाटलेल्या फांद्यांवरची पिवळी फळं विषारी असतात, ती पोरांच्या आणि जनावरांच्या वाटेत पडू देऊ नका. कोयनेलला तेवढी भीती नाही, ते इतकं कडू की शेळीही तोंड लावत नाही.

यंत्राने आकार देताना दोन्ही टोकांना काठ्या ठोकून सुतळी ताणा आणि माथा पायथ्यापेक्षा थोडा अरुंद ठेवा, फूटभर उंचीमागे एखादा इंच तरी. माथा रुंद झाला की खाली सावली पडते, खालची पानं गळतात आणि कुंपणाला पाय उघडे पडतात. आधी बाजू खालून वर छाटा म्हणजे कचरा खाली पडत जातो, माथा शेवटी. गॉगल विसरू नका. उंचावर पोहोचायला घोडीवर चढून यंत्र चालवायचं नाही, दोन्ही हात यंत्रात गुंतलेले असतात आणि तोल गेला तर धरायला हात उरत नाही. फांदी अडकली तर आधी बॅटरी बाहेर काढायची, मग फांदीला हात लावायचा. खटका सोडला आहे ना, एवढ्यावर थांबायचं नाही. पाऊस चालू असताना किंवा पालवी निथळत असताना छाटू नका. यंत्राला पाणी चालत नाही, आणि ओली पानं पात्यात लगदा होऊन बसतात.

काम संपलं की पात्याला झाडाचा चीक चिकटलेला असतो. बॅटरी काढून रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब दोन्ही पात्यांच्या फटीत सोडा. मग बॅटरी लावून क्षणभर चालवा म्हणजे तेल पसरेल. हे प्रत्येक वेळी केलंत तर धार वर्षभर पुरते. धार लावायला देताना माणसाला सांगा की दातांना उतार एकाच बाजूला असतो आणि कानस फक्त त्या उतारावर, आहे त्याच कोनात चालवायची. सपाट बाजू घासली तर दोन पात्यांमध्ये फट राहते आणि पालवी कापली न जाता चिरडली जाते. सपाट बाजूला फक्त कानशीने उठलेली कोर काढायची, तीही बारीक दगडावर हलक्या हाताने.